अंगणात पॉपॉ लावायचंय? आधी मूळ आणि पराग समजून घ्या

पॉपॉ म्हटलं की बरेच जण पपई समजतात. त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही, कारण इंग्रजी बोलणाऱ्या काही देशांत पपईलाच पॉपॉ म्हणतात. मी लिहितेय ते झाड वेगळं. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, दक्षिण ओंटारिओपासून फ्लोरिडाच्या उत्तरेपर्यंत आणि पश्चिमेला नेब्रास्कापर्यंत, नदीकाठच्या रानात ते आपोआप उगवतं. शास्त्रीय नाव असिमिना ट्रायलोबा. त्याचं नातं आहे सीताफळाशी आणि रामफळाशी. त्या कुळातली बाकीची मंडळी उष्ण हवेतली. पॉपॉ मात्र पानं गाळून उणे २५ अंश सेल्सिअसची थंडी उभ्यानं काढतं.

फळ हिरवं, तळहातात मावेल एवढं. आत पिवळा, दाट, चमच्यानं खाण्यासारखा गर. चव केळ्याची म्हणावी तर आंब्याचीही, आणि जिभेवर सीताफळाचा मऊपणा. अमेरिकेच्या मातीतल्या खाण्याजोग्या फळांत आकारानं हे सगळ्यात मोठं. १८०६च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला गेलेली लुईस आणि क्लार्क यांची तुकडी मिसूरी नदीवरून परतत असताना शिधा संपला, तेव्हा त्या लोकांनी याच फळांवर दिवस काढले होते. तरीही आज ते दुकानात जवळजवळ दिसत नाही, कारण पिकल्यावर दोन-तीन दिवसांत उतरतं आणि जरा दाबलं गेलं की काळं पडतं. मनसोक्त खायचं तर आपणच लावावं लागतं.

झाड तसं सोशिक. रोग कमी, फवारणीची गरज जवळजवळ नाही. मी ज्यांची झाडं फसलेली पाहिली, त्यांची दोनच कारणांनी फसली: लावताना मूळ दुखावलं, नाहीतर झाड मोठं झालं, भरभरून फुललं आणि परागीकरणच झालं नाही. म्हणून या दोन गोष्टी सविस्तर सांगते.

जागा

अमेरिकी कृषी खात्याच्या थंडीच्या नकाशावर ५ ते ८ या विभागांत तुमचं घर असेल तर हवा जमते. पॉपॉला खरा हिवाळा लागतो, निदान ४०० तासांची थंडी. आणि खरा उन्हाळाही लागतो. दव गोठून झाडं करपत नाहीत असे वर्षात साधारण १५० दिवस हवेत. उन्हाळाच गारठलेला असेल तर झाड जगतं, पानं छान येतात, पण फळ पिकायच्या आत थंडी गाठते.

रानात हे झाड मोठ्या झाडांच्या सावलीत दिसतं, त्यामुळे लोक घरीही ते सावलीत लावतात. जगेल, पण फळं हातावर मोजण्याइतकी. फळांसाठी दिवसभराचं ऊन हवं. फक्त कोवळ्या रोपाला पहिलं वर्ष-दोन वर्षं थेट ऊन सोसत नाही, त्याची सोय पुढे सांगते. जमीन खोल, भुसभुशीत, निचऱ्याची हवी. सामू साडेपाच ते सातच्या दरम्यान. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशीही पाणी साचून राहतं ती जागा सोडून द्या. पानं फूटभर लांब आणि लाकूड ठिसूळ, म्हणून वाऱ्याच्या तोंडावर नको. अंगणाचा सगळ्यात खोलगट कोपराही नको. थंड हवा तिथे उतरून बसते आणि एप्रिलच्या उशिराच्या थंडीत फुलं जातात.

दोन झाडांमध्ये ८ फूट अंतर ठेवा. त्याहून दूर लावली तरी वाढतील, पण पराग नेणारे किडे फार लांबचे प्रवासी नाहीत.

रोप, कलम की बी?

रानातून खणून आणायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. तिथे दिसणारं छोटं रोप बहुतेक वेळा रोप नसतंच. मोठ्या झाडाच्या मुळातून वर आलेला फुटवा असतो. त्याला स्वतःची मुळं नावापुरती. उपटून आणला की महिन्याभरात वाळतो. शिवाय न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत रानातल्या पॉपॉची गणना धोक्यातल्या वनस्पतींत होते, आणि उद्यानांतून झाडं खणून न्यायला मनाई असते.

ज्याला फळ लवकर हवं त्यानं कलम घ्यावं. कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरतं, बियांच्या झाडाला पाच ते आठ वर्षं लागतात. कलमाचं फळ कसं येणार हे आधी माहीत असतं. बियांच्या झाडाचं फळ गोड निघेल, कडसर निघेल, की नुसत्या बियांनी भरलेलं असेल, ते फळ आल्यावरच कळतं.

जातींची नावं बघून गोंधळू नका. नील पीटरसन या माणसानं जुन्या संग्रहांतल्या झाडांचा माग काढत, हजारभर रोपं वाढवून त्यांतून काही निवडली आणि त्यांना नद्यांची नावं दिली: शेनान्डोआ, सस्क्वेहॅना, अलेगेनी, पोटोमॅक वगैरे. शेनान्डोआ सौम्य चवीची, पहिल्यांदा खाणाऱ्याला आवडणारी. सस्क्वेहॅनाचं फळ मोठं, बिया कमी, गर घट्ट. पोटोमॅकचं फळ फार मोठं होतं पण तडकतं. केंटकीतल्या फ्रँकफर्टला केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीत पॉपॉवर अनेक वर्षं संशोधन चालू आहे आणि कृषी खात्याचा पॉपॉच्या जातींचा संग्रहही तिथेच आहे. त्यांनी अ‍ॅटवूड, बेन्सन आणि चॅपल या जाती दिल्या. उत्तरेकडे, जिथे मोसम आखूड, तिथे पीए गोल्डन बरी, ती लवकर पिकते.

काहीही निवडा, पण दोन वेगळ्या जाती निवडा. मी सुरुवातीला दोन्ही कलमं शेनान्डोआची आणली. दोन झाडं आहेत म्हणजे झालं, अशी माझी समजूत होती. तीन वसंत झाडं फुलली आणि एकही फळ राहिलं नाही. कलम म्हणजे मूळ झाडाचीच प्रत. एकाच जातीची दहा कलमं लावली तरी पॉपॉच्या हिशेबी ते एकच झाड, आणि हे झाड स्वतःचा पराग सहसा स्वीकारत नाही. रानातले मोठे मोठे झुबकेही याच कारणानं वर्षानुवर्षं वांझ राहतात. सगळी खोडं एकाच मुळावरची. सनफ्लॉवर ही जात एकटीही फळते असं सांगतात, पण तिच्यावर विसंबून एकच झाड लावू नका. बियांपासूनची दोन रोपं लावलीत तर ही चिंता नाही, प्रत्येक बी वेगळी.

बी लावणार असाल तर

पॉपॉची बी चपटी, चॉकलेटी, गुळगुळीत. वालाच्या मोठ्या दाण्यासारखी. आपण बहुतेक बिया धुऊन, वाळवून, डबीत भरून ठेवतो. ही बी वाळली की मेली. बाहेरून तशीच चकचकीत दिसते, आत जीव राहत नाही. फळातून काढल्याबरोबर गर धुऊन टाका, आणि ओलसर शेवाळात (कुंड्यांसाठी विकत मिळणारं स्फॅग्नम मॉस) किंवा कोकोपीटमध्ये घालून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. शेवाळ मुठीत दाबलं तर एखादा थेंब यावा, एवढाच ओलावा. पिशवी फ्रिजमध्ये, ७० ते १०० दिवस. फ्रिजरमध्ये नव्हे. कडक गोठण बीला मारते. मधूनमधून उघडून बघा, बुरशी दिसली तर बिया धुऊन नवीन शेवाळात घाला.

थंडी पुरी झाली की कुंडीत इंचभर खोल पेरा. कुंडी उथळ नको. निदान १४ इंच खोल, उंच आणि अरुंद अशी, झाडांच्या रोपांसाठी मिळते ती. याचं कारण पुढच्या दोन महिन्यांत दिसतं, किंवा खरं तर दिसत नाही. उबदार जागी अडीच-तीन आठवड्यांत बीमधून मूळ निघतं आणि सरळ खाली जातं. वर मातीत हालचाल शून्य. कोंब बाहेर यायला पेरल्यापासून दीड-दोन महिने लागतात. या काळात बी कुजली असं समजून लोक कुंडी उकरतात आणि नुकतंच उतरलेलं सोटमूळ मोडतात. उकरू नका. माती ओलसर ठेवा, कुंडीवर पेरल्याची तारीख लिहा आणि थांबा. कोंब येतो तो आधी वाकलेला, मानेसारखा. मग हळूहळू सरळ होतो.

जमिनीत लावताना

लावायची वेळ वसंतातली, कळ्या फुगायला लागतात तेव्हा. शरदात लावलेलं रोप थंडीआधी मुळं पसरू शकत नाही.

पॉपॉचं मूळ मांसल आणि ठिसूळ असतं, आणि त्यावर बारीक तंतू फारसे नसतात. बाकीच्या झाडांना कुंडीतून काढल्यावर आपण मुळं थोडी मोकळी करतो, झटकतो. इथे तसं करायचं नाही. कुंडी आडवी धरा, बाजूनं कापा, आणि मातीचा गोळा दोन्ही हातांवर घेऊन खड्ड्यात उतरवा. खड्डा कुंडीइतकाच खोल आणि रुंदीला दुप्पट. कुंडीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच जमिनीतही यावी. कलमाचा सांधा जमिनीच्या वर. खड्ड्याच्या तळाशी मूळ वळत असेल तर खड्डा आणखी खोल करा, मूळ वाकवू नका. माती हातानं दाबा, पायानं नाही. मग सावकाश भरपूर पाणी.

आळ्यात पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा तीन-चार इंच जाड पसरा, खोडाला टेकू न देता. गवत अगदी जवळ आलं तर लहान रोपाचं पाणी तेच पितं, म्हणून दोन-अडीच फुटांचा घेर मोकळा ठेवा.

आता सावलीची सोय. रोपाभोवती चार काठ्या रोवून दक्षिण आणि पश्चिमेला जाळीचं कापड लावलं की पुरतं. बियांच्या रोपाला दोन उन्हाळे हे लागतं, कलमाला बहुधा एक पुरे. नंतर काढून टाका.

पहिली दोन वर्षं पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा ते बरं. खत वसंतात, हलक्या हातानं; शेणखत किंवा कंपोस्टचा थर पुरतो. आणि झाड वाढत नाही म्हणून घाबरू नका. पहिल्या वर्षी रोप वीतभरसुद्धा वाढणार नाही कदाचित. ते खाली काम करत असतं. तिसऱ्या वर्षापासून वर झेप दिसते.

कलम असेल तर सांध्याच्या खालून येणारे फुटवे दर वेळी काढा, नाहीतर खालचा खुंटच झाड होऊन बसतो. लांबवर मुळांतून आलेले फुटवे गवत कापताना आपोआप जातात.

फुलांचे दिवस

हिवाळ्यातल्या उघड्या फांदीवर दोन प्रकारच्या कळ्या दिसतात. टोकदार, निमुळत्या त्या पानांच्या. वाटाण्याएवढ्या गोल, गडद तपकिरी, मखमली त्या फुलांच्या. अशा गोल कळ्या पहिल्यांदा दिसल्या की पुढच्या वसंताची तयारी करा.

फूल पानांच्या आधी येतं, खाली मान घालून लटकतं. आधी हिरवट, मग पिकत जातं तसं गडद, वाळलेल्या कोकमाच्या रंगाचं. वास मंद, आंबवलेल्या पिठासारखा. मधमाश्यांना त्यात रस नाही. माश्या आणि छोटे भुंगे येतात, तेही लहरीनं. काही बागायतदार त्यांना बोलावण्यासाठी झाडाला सडकं मांस टांगतात. घराजवळच्या चार झाडांसाठी मला ते बरोबर वाटत नाही. हातात कुंचला घ्या, काम निश्चित होतं.

फूल आधी मादी असतं, मग नर. हे ओळखता आलं पाहिजे. नुकत्याच उमललेल्या फुलाच्या मध्यात एक घट्ट, हिरवट गोळा दिसतो. ते न पिकलेले परागकोश. त्याच्या टोकाला बारीक कुक्षींचा झुपका असतो, ओलसर, चमकणारा. हे फूल पराग घ्यायला तयार आहे. काही दिवसांनी तोच गोळा तपकिरी आणि सैल होतो, बोट लावलं की पिवळी पूड पडते, आणि कुक्षी सुकून मंद पडलेल्या असतात. हे फूल पराग द्यायला तयार.

सकाळी वारा नसताना एका जातीच्या झाडाखाली जा. तपकिरी गोळ्याच्या फुलाखाली छोटी वाटी धरून फुलावर हलकी टिचकी मारा. चार-पाच फुलांत वाटीच्या तळाला पिवळा थर जमतो. ती वाटी घेऊन दुसऱ्या जातीच्या झाडाकडे जा, चित्रकलेचा बारीक मऊ कुंचला त्यात बुडवा आणि हिरव्या गोळ्याच्या फुलांच्या चमकत्या टोकाला अलगद लावा. पराग चिकटलेला डोळ्यांनी दिसतो. मग उलट दिशेनं तेच. झाडावरची सगळी फुलं एकदम उमलत नाहीत, म्हणून दोन-तीन दिवसांआड तीन-चार फेऱ्या करा.

एकाच फुलात अनेक स्त्रीकेसर असतात आणि प्रत्येकाचं वेगळं फळ होतं. म्हणून पॉपॉ केळ्याच्या फणीसारखं घोसानं लागतं. सगळीच फुलं रंगवलीत तर फांद्या मोडायला आल्या म्हणून समजा. लहान झाडावर काही डझन फुलं पुरेत, आणि मेअखेरीस एका घोसात दोन-तीन फळं ठेवून बाकीची काढून टाका. उरलेली मोठी होतात.

उन्हाळ्यात

फारसं काही करायचं नसतं. पानांत कडवट द्रव्यं असल्यानं हरणं सहसा तोंड लावत नाहीत, मात्र नर हरणं खोडावर शिंगं घासतात, म्हणून कोवळ्या खोडाभोवती जाळी हवी. ओल्या उन्हाळ्यात फळांवर काळे ठिपके येतात; साल विद्रूप होते, गर बहुतेक चांगला असतो. झाडात हवा खेळती ठेवा, पडलेली फळं-पानं उचला.

पानांवर हिरव्या, आडव्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. झेब्रा स्वॅलोटेल नावाच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या, लांब शेपटीच्या फुलपाखराच्या त्या अळ्या. त्यांना पॉपॉ आणि त्याच्या भाऊबंदांच्या पानांशिवाय दुसरं काही चालत नाही. चार पानं कुरतडल्यानं झाडाचं काही बिघडत नाही.

तोडणी

सीताफळाचे डोळे उघडले की ते पाडाला आलं हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पॉपॉला डोळेच नाहीत. साल शेवटपर्यंत हिरवी राहू शकते. काही जातींत जराशी पिवळट होते, पण रंगावर भरवसा नको. बोटांनी ओळखायचं. ऑगस्टअखेरीपासून, थंड भागात सप्टेंबरच्या मध्यापासून, रोज नाहीतर दिवसाआड झाडापाशी जा आणि प्रत्येक फळ तळहातात धरून अंगठ्याच्या पेरानं हलकेच दाबा. दगडासारखं लागलं तर सोडा. पिकायला आलेल्या आंब्यासारखं किंचित दबलं तर हातानं थोडं वर उचला. देठापासून ते स्वतःच सुटतं. ओढावं लागलं तर अजून वेळ आहे.

कच्चं तोडून आढीत घातलं तर पिकेल असं वाटतं, पण कडक तोडलेलं पॉपॉ पिकत नाही, नुसतं सुकून काळं पडतं. दबायला लागलेलं तोडलं तर घरात दोन-तीन दिवसांत पूर्ण पिकतं, आणि फ्रिजमध्ये तीन आठवड्यांपर्यंत टिकतं. एका झाडाची तोडणी तीन-चार आठवडे चालते. खाली पडलेलं फळ लगेच उचला; रॅकून, ओपॉसम आणि खारी रात्रीत साफ करतात.

खाताना

आडवं कापा, चमच्यानं गर काढा. साल खायची नाही. बिया चावायच्या नाहीत, मिक्सरमध्ये तर मुळीच जाऊ देऊ नका, त्या विषारी असतात. काही लोकांना पिकलेल्या फळानंही मळमळतं किंवा अंगावर पित्त उठतं, म्हणून पहिल्यांदा दोन चमचेच खा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. पानं-फळं हाताळून कुणाकुणाची त्वचा लाल होते. गर वाळवून त्याची पोळी करायचा मोह टाळा, त्यानं पोट बिघडल्याचे अनुभव अनेकांचे आहेत. गरात अ‍ॅनोनासिन नावाचं द्रव्यही असतं आणि प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत ते मज्जापेशींना अपायकारक दिसलं आहे. मी मोसमात आनंदानं खाते, पण वर्षभर रोजचं खाणं करत नाही.

उरलेला गर बिया काढून, हवा न ठेवता पिशव्यांत भरून फ्रिजरमध्ये ठेवा. शिजवला की सुगंध उडतो. बासुंदी आटवून पूर्ण गार झाल्यावर त्यात हा गर कालवला तर सीताफळाच्या बासुंदीची आठवण येते. चुलीवर असताना मात्र घालू नका.

आणि बिया टाकू नका. खाऊन झाल्याबरोबर, वाटी धुवायच्या आधी, त्या ओलसर शेवाळात घाला. पिशवीवर जात आणि तारीख लिहा आणि फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ठेवा, पुढच्या पेरणीपर्यंत.